दगडफुलातला धना

देवपुरात गेल्या उन्हाळ्यात एक बातमी घरोघर चहाबरोबर दिली जात होती: जीवराम बोरसे हवा विकतात. आणि साधीसुधी नाही, परदेशाला. गच्चीवर जाळीच्या पिशव्या टांगायच्या, तीन महिने त्यांत हवा मुरू द्यायची, मग कॉलेजातली एक मॅडम येते, हातमोजे घालून पिशव्या पाकिटांत भरते आणि ती पाकिटं थेट नेपाळ-भूतानला. तिकडून डॉलर. नेपाळात डॉलर कुठून आले, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बातमी चटकदार असली की माणूस भूगोल काढून बसत नाही.

खरं एवढंच, की पिशव्या होत्या, मॅडम होती, हातमोजेही होते. हवा मात्र कोणी विकत नव्हतं. पिशव्यांत दगडफूल होतं, मसाल्यात पडतं तेच, आणि तेही कुठल्या देशाला जात नव्हतं. जायचे ते त्यातून निघालेले आकडे. जीवराम नानांना या कामापायी मिळालं होतं ते यावलच्या एस.टी.चं तिकीट. ते त्यांनी जपून ठेवलं, कारण त्यावरची तारीख चुकीची छापली आहे असा त्यांना संशय होता.

संशय हा नानांचा जुना आजार म्हणा, नाहीतर जुनी कला म्हणा. दूधवाल्यानं दूध घातलं की नाना बोट बुडवून नखावर थेंब धरतात. गॅसची टाकी आली की घरातला ताणकाटा काढून, टाकीवाल्यालाच एका बाजूनं उचलायला लावून वजन बघतात. लग्नाची पत्रिका आली तर आधी पंचांग काढून वार जुळतो का ते तपासतात, मग नवरा-नवरीची नावं वाचतात. त्यांच्या बायकोनं, ताईबाईनं, एकदा त्यांना विचारलं होतं, “मनावर, तुमनी बायकोवर, तरी भरोसा शे का तुमना?” नाना म्हणाले, “चहा पिसू ना तुना हातना रोज.” आता हे उत्तर झालं की नाही, ते ताईबाईच जाणे.

या कलेचं मूळ कॉलेजात. सदतीस वर्षं नाना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचसामान धुणं, बाटल्या भरणं, चिठ्ठ्या डकवणं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ‘पाणी’ लिहिलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी हातावर घेतलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली. आत ॲसिड होतं. तेव्हापासून नाना म्हणायचे, “चिठ्ठी बाटली लिहीत नाही, माणूस लिहितो.” पुढची पस्तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत एकही बाटली नानांनी हुंगल्याशिवाय फळीवर गेली नाही. किती प्राध्यापक आले, नानांनी धुतलेल्या नळ्यांत प्रयोग करून डॉक्टर झाले, त्यांचे निबंध कुठे कुठे छापून आले. नानांचं नाव एकात नाही. हे ते बोलून दाखवत नसत, पण निवृत्तीच्या सत्कारात त्यांना जो शब्दकोश भेट मिळाला त्याच्या पहिल्या पानावर ‘जिवराम’ असं ऱ्हस्व लिहिलेलं होतं, ते नानांनी त्याच दिवशी ब्लेडनं खरवडून दीर्घ केलं होतं. त्यावरून काय ते समजा.

तर अशा माणसाकडे जानेवारीत हेमांगी मॅडम आल्या. मॅडम त्याच प्रयोगशाळेत आता शिकवतात. विद्यार्थिनी असताना नानांच्या शिव्या खाल्लेल्या.

“नाना, सहा देश मिळून एक मोजणी करतायत. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार. सगळीकडे एकाच दिवशी, एकाच उंचीवर, एकाच जातीचं दगडफूल टांगायचं. नव्वद दिवसांनी उतरवायचं आणि त्यात शिसं किती, कॅडमियम किती, पारा किती ते बघायचं.”

“दगडफूलच का?”

“त्याला मुळं नसतात. जमिनीतून काही घेत नाही. जे खातं ते हवेतलं.”

“म्हणजे चोरीचा माल त्याच्याच घरात सापडणार,” नाना म्हणाले. त्यांना दगडफूल एकदम आवडलं.

मॅडमनी पुढं सांगितलं, की भट्ट्यांतून, चिमण्यांतून शिसं बाहेर पडतं, बारीक धुळीवर बसतं आणि वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातं. जिथं खाली बसतं तो देश म्हणतो, हे शेजाऱ्याचं. शेजारी म्हणतो, तुमचंच असेल. कमी करायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, कारण सारख्या मापानं कोणी मोजलेलंच नाही.

नानांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारच्या मंजुळाबाई रोज सकाळी आपलं अंगण झाडतात आणि कचऱ्याचा ढीग बरोब्बर दोन घरांच्या मधल्या फरशीवर आणून सोडतात. तिथून पुढं तो कोणाचा, यावर दोन्ही घरांत बावीस वर्षं चर्चा चालू आहे. मंजुळाबाई बाकी सोन्यासारखी बाई. नवरा गेल्यापासून पापड-मसाले करून घर चालवते, शब्दाला पक्की, कोणाचं काही ठेवून घेत नाही.

“आणि अहवालाच्या शेवटी,” मॅडम उठता उठता म्हणाल्या, “प्रत्येक ठिकाणाचा माणूस कोण, त्याची यादी छापतात. देवपूर, धुळे, जीवराम बोरसे.”

नाना फक्त म्हणाले, “‘जी’ दीर्घ लिहा.”

मग नाना मॅडमबरोबर यावलला गेले, वनखात्याच्या परवानगीचा कागद दोनदा वाचून सातपुड्यात वर चढले, झाडांच्या सालीवरून दगडफूल सोडवून आणलं. निवडलं, वाळवलं, पंधरा-पंधरा ग्रॅम मोजून आठ पिशव्यांत भरलं. एक फेब्रुवारीला गच्चीवर बांबू उभे करून त्या टांगल्या. कोणी उतरवू नये म्हणून गाठी अशा मारल्या की ताईबाई म्हणाल्या, “मनी पोत बी एवढी सांभाळी नही कधी.”

गच्चीवर पिशव्या लटकल्या आणि गल्लीला काम मिळालं. करणी आहे म्हणाले, पतंगाचा मांजा सुकतोय म्हणाले, मग हवा विकायची ती बातमी आली. सगळ्यांत जास्त बेचैन झाला रुपचंद. रुपचंद नानांच्या शाळेतला, एका बाकावरचा. पांझरेच्या काठानं गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर त्याची भट्टी. जुन्या गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवून विटा पाडायच्या. भट्टीला धुराडं म्हणून एक पत्र्याचं नळकांडं, तेही वाकलेलं. पश्चिमेचा वारा सुटला की देवपुरातल्या बायका दोरीवरचे पांढरे कपडे घाईनं आत घेतात, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण रुपचंद गणपतीला मोठी वर्गणी देतो, म्हणून त्या वाऱ्याला कोणी नाव दिलं नव्हतं.

रुपचंद एका संध्याकाळी नानांच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, “काय रे जीवराम, नजर लागनी का घरले? एवढ्या पिशव्या टांग्यात?”

“तुनीच लागनी. म्हनीसन पहिली पिशवी तुना भट्टीकडे तोंड करीसन बांधी.”

“त्यामाईन काय निंघी?”

“जे शे ते निंघी.”

रुपचंद हसला, पण चहा अर्धा टाकून गेला. नानांनी तो अर्धा कप बराच वेळ निरखून पाहिला.

एप्रिलमध्ये धरणगावला नानांच्या भाचीचं लग्न आलं. दोन दिवस घर बंद. देवपुरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि ते नेमकं त्याच दोन दिवसांत येणार. तेव्हा टाकी भरायला किल्ली मंजुळाबाईंकडे दिली. नाना परत आले ते आधी गच्चीवर गेले. आठही पिशव्या जागेवर. बांबू सरळ. समाधान झालं. नानांचं समाधान होणं ही घटना तशी दुर्मिळ, म्हणून ताईबाईंनी ती ध्यानात ठेवली.

मेच्या सुरुवातीला नव्वद दिवस भरले. मॅडम गडबडीत होत्या, परीक्षा चालू होत्या. नानांनी पिशव्या उतरवल्या, वजन केलं. पंधरा ग्रॅमची पिशवी वीस ग्रॅम भरली. आठच्या आठ. नानांनी वहीत टिपलं, ‘धूळ बरीच’, आणि ठरल्याप्रमाणं प्रत्येक पिशवीतला अर्धा भाग लाखेनं बंद करून कॉलेजच्या कपाटात ठेवला, अर्धा बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेला गेला.

जूनच्या शेवटी आकडे आले आणि देवपुरानं दिवाळी केली. शिसं जवळपास नाही. कॅडमियम नावाला. सहा देशांत मिळून जी ठिकाणं सर्वांत स्वच्छ निघाली त्यांत देवपूरचं नाव वरच्या दहांत. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेले, फुलं उडवणारे, टाळ्या वाजवणारे हात पडले. रुपचंद तर किलोभर जिलेबी घेऊन नानांच्या दारात.

“जीवराम, तू दोस्त शे रे मना! सहा देस सांगी ऱ्हायनात का हवा चांगली शे. मी भट्टीवर पाटी लावसू.”

नानांनी जिलेबीचा तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला नाही.

त्या दिवसापासून नानांची झोप गेली. ज्यांच्या घरी वाईट बातमी येते ते रडतात. नानांच्या घरी चांगली आली तर ते भिंतीकडे बघत बसले. पांढऱ्या चादरीवर काजळी बसते आणि दगडफुलावर बसत नाही? पिशवी पंधराची वीस झाली, ती पाच ग्रॅम धूळ कुठली? आणि एवढी धूळ बसली तर त्यात शिसं का नाही? दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

आता तुम्ही म्हणाल, माणसानं आपल्या पदरात पडलेलं यश असं उलटंपालटं करून बघू नये. ताईबाईही तेच म्हणाल्या. अहवाल छापायला जायला पंधरा दिवस होते. यादीत नाव चढलं होतं, मॅडमनी फोनवर फोटो पाठवला होता, ‘जी’ दीर्घ होता. सदतीस वर्षांनी. गप्प बसलं की झालं. पण नानांना आपल्याच आकड्याचा वास यायला लागला, आणि वास आला की नानांना बसवत नाही.

पहिला संशय अर्थात रुपचंदवर. नाना थेट भट्टीवर गेले.

“रुपचंद, मना गच्चीवर कोनले धाडं व्हतं का तू?”

“काबर?”

“पिशव्या बदलाले.”

रुपचंदनं कमरेवर हात ठेवले. “मी एकशे दहा किलोना मानूस. तुना गच्चीना लोखंडी जिना माले झेली का? आनि दुसराले धाडाले माले काय तुनामायक येड लागेल शे? ते दगडफूल कोठे भेटस, ते बी माले माहीत नही.”

नानांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. माणूस खोटं बोलतोय की नाही, हे नखावर थेंब धरून कळत नाही, ही नानांची मोठी अडचण. ते परत फिरले, पण पाठीमागून रुपचंद हसला नाही, एवढं त्यांनी टिपलं. भट्टीवरची माणसंही त्या दिवसापासून नानांना बघून बोलणं थांबवायला लागली. गल्लीत नवीन बातमी आली, की नानांना रुपचंदकडून काही मिळालं नाही म्हणून ते आता आकडे फिरवणार.

दुसऱ्या दिवशी नाना कॉलेजात गेले. मॅडम बैठकीला नाशिकला. नानांनी कपाट उघडवलं, राखून ठेवलेली पाकिटं काढली, लाख तपासली. लाख त्यांचीच. मग पांढरा कागद पसरून पहिल्या पाकिटातलं दगडफूल त्यावर ओतलं, चिमट्यानं एकेक पापुद्रा बाजूला केला. त्यांनी यावलला सोडवलेलं दगडफूल एकाच जातीचं, राखाडी, पातळ. इथं मात्र दोन-तीन जातींचं, काही काळपट, काही जाड, काड्यांसकट. आणि तळाशी, कागदाच्या मधोमध, गोल, पिवळसर, रेघारेघांचा एक दाणा.

धना.

नाना त्या दाण्याकडे बघत राहिले. हवेतून शिसं येतं, पारा येतो, कॅडमियम येतं. धना येत नाही. तिसऱ्या पाकिटात बाद्यानची एक पाकळी निघाली. पाचव्यात तमालपत्राचा तुकडा. नानांनी वहीत लिहिलं, ‘नमुन्यात मसाला.’ सहा देशांच्या मोजणीत हे वाक्य बहुधा दुसऱ्या कुठल्या वहीत नसेल.

घरी येऊन त्यांनी दार लावलं.

“ताईबाई, खरं सांग. तू मना पिशव्यांस्ले हात लाया का?”

ताईबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या, हे लक्षण बरं नव्हतं. “मी? चाळीस वरिस झायात, आते माले चोर ठरायी ऱ्हायनात? मना मसाला तं औंदा कुटायनाच नही. मंजुळाबाईनीच वाटीभर दिधा व्हता. तोच खाई ऱ्हायनात ना रोज शेवभाजीमा? म्हनत व्हतात, औंदा मसालाले वास चांगला शे!”

नाना खाटेवर बसले. वास चांगला आहे, हे ते खरंच म्हणाले होते. दोनदा.

मंजुळाबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. नानांनी धना तळहातावर ठेवून त्यांच्यापुढं धरला. बाईंनी धना बघितला, नानांना बघितलं आणि लाजायचं सोडून उलट आनंदानं म्हणाल्या, “हां! ते सांगानंच ऱ्हायी गयं. तुम्ही धरणगावले गयात ना, तव्हळ मना मसालानी पाळी व्हती डंकावर. दगडफूल कमी पडनं, भर दुपार, दुकान बंद. टाकी भराले वर गऊ तं तुमनं टांगेल. लिधं उसनं.”

“बठ्ठं?”

“आठी पिशव्या. मंग दुसरा दिन आग्रा रोडवरतीन आनं आनि भरी दिधं. जेवढं लिधं त्यानापेक्षा मूठ मूठ जास्तच. गाठी बी तुमन्यामायक बांध्यात, बोटं दुखनात मनी. मी कोनं ठेवस नही नाना.”

पाच ग्रॅम कुठून आले ते कळलं. उसनं घेतलेलं थोडं वाढवून परत करायचं, साखरेची वाटी शीग लावून फेडायची, ही मंजुळाबाईंची पिढीजात शिस्त. आणि फेडलं की विषय संपला, सांगायचं काय त्यात? कोणाच्या मनात काही पाप नव्हतं. देवपूरची अडीच महिन्यांची हवा मात्र डंकावर कुटली गेली होती आणि तिच्या जागी पंधरा दिवसांचं दुकानातलं दगडफूल सहा देशांपुढं उभं राहून ‘मी स्वच्छ’ म्हणत होतं.

“अहो बाई,” नाना म्हणाले, “त्यामा शिसं धराले ठेयेल व्हतं ते. भट्टीनं.”

मंजुळाबाईंचा हात पापडावरच राहिला. “म्हंजे मसालामा...? मना नातू खास तो मसाला, नाना. नऊ घरं खातस.” मग एकदम त्यांनी नानांचा हात धरला, बावीस वर्षांच्या कचऱ्याच्या भांडणात पहिल्यांदा. “नाना, कोनले सांगू नका. माले कोन मसाला कुटाले सांगी मंग? दुनिया म्हनी, मंजुळाबाईनी जहर विकं.”

म्हणजे आता गप्प बसायला तीन कारणं झाली. मंजुळाबाईंचा धंदा, रुपचंदची दोस्ती आणि यादीतलं नाव. सांगायला एकच होतं, आणि ते तळहातावर मावत होतं. नाना त्या रात्री जेवले नाहीत. एक तर विचारानं आणि दुसरं भाजीत तोच मसाला होता म्हणून.

सकाळी सातला त्यांनी मॅडमना फोन केला.

“मॅडम, देवपूरचा आकडा खोटा आहे. काढून टाका.”

“नाना, काय बोलताय? परवा अहवाल जातोय.”

“म्हणूनच आज बोलतोय. राखलेली पाकिटं उघडा. धना निघेल. अदलाबदल माझ्या गच्चीवर झाली, माझ्या किल्लीनं. कोणी केली ते कागदावर लिहू नका. शेजारधर्मात झाली असं लिहा.”

पलीकडे मग मॅडम चिडल्या. दोन वर्षांची मेहनत, एवढ्या लांबची माणसं, धुळ्याचं नाव. “नाना, तुम्ही नसतं सांगितलं तर कोणालाच कळलं नसतं!”

“तुम्हाला शिकवताना मी बाटलीची चिठ्ठी वाचून सोडून दिलं होतं का कधी?” नाना म्हणाले. “आपला आकडा स्वच्छ छापला, तर उद्या कोणाच्या पिशवीत आपलं शिसं सापडलं तरी ते आपलं म्हणून कोणी मानणार नाही. आणि रुपचंद पाटी लावणार आहे, मॅडम. सहा देशांच्या नावानं.”

अहवालात देवपूरसमोर ‘नमुना बाद’ छापलं. बाद झालेल्या ठिकाणांच्या माणसांची नावं यादीत घेत नाहीत, तसा नियम. नानांनी छापील प्रत मागवून घेतली, यादी बोट ठेवून दोनदा वाचली आणि ताईबाईंना म्हणाले, “नियम बराबर शे.” ताईबाईंनी त्या दिवशी न विचारता दुसरा चहा दिला.

मंजुळाबाईंच्या मसाल्याचं काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर रात्री तुम्हालाच संशय येईल. उरलेली वाटी मॅडमनी तपासून घेतली. शिसं निघालं, फार नाही, कारण सव्वाशे ग्रॅमच दगडफूल आठ किलोत पडलेलं. घाबरून जायचं कारण नाही, पण खाऊ नका, टाकून द्या, असं मॅडम म्हणाल्या. सहा देशांच्या मोजणीला मसाला चालत नाही, त्यामुळं त्या आकड्याला कुठं जागा नव्हती. पण मंजुळाबाईंकडे त्याला जागा होती. त्या स्वतः नऊ घरी गेल्या, काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मसाला परत घेतला आणि पदरच्या मिरच्या घालून नवा कुटून दिला. एका घरानंही त्यांच्याकडून मसाला घेणं सोडलं नाही. आणि मग त्याच नऊ घरच्या बायका एका दुपारी भट्टीवर जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात दोरीवरची एकेक चादर. रुपचंदनं त्या दिवशी गणपतीच्या वर्गणीची आठवण काढली, पण कोणी ऐकून घेतली नाही.

ऑगस्टमध्ये नानांनी पुन्हा यावल गाठलं, पुन्हा आठ पिशव्या टांगल्या, यावेळी कुठल्याही यादीसाठी नाही. जिन्याला कुलूप, किल्ली जानव्याला. नोव्हेंबरमध्ये आकडा आला तो मॅडमनी फोनवर सांगितलाच नाही, घरी येऊन दाखवला. भट्टीकडच्या पिशवीत शिसं उलट बाजूच्या पिशवीच्या अकरा पट. तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब आले, वाकलेलं नळकांडं बघून गेले आणि मागोमाग रुपचंदला नोटीस आली. संक्रांतीच्या आधी भट्टीवर झाकण बसलं, धूर पाण्यातून काढायची टाकी बसली आणि धुराडं सरळ उंच झालं. एप्रिलमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा अकरा पटीचं तीन पटीवर आलं होतं. नानांना त्या तिनाचाही संशय आहे, ते सोडा.

परवा चौकातल्या चहाच्या टपरीवर रुपचंद भेटला. झाकणाचा आणि टाकीचा खर्च अजून त्याच्या घशात अडकलेला. चार माणसं ऐकतील अशा बेतानं तो म्हणाला, “जीवराम, एवढं करीसन तुले काय भेटनं रे? सहा देसनी यादीमाईन नाव बी गयं तुनं.”

नानांनी बशीतला चहा संपवला, बशी उलटी करून खाली काही चिकटलेलं नाही ना ते बघितलं आणि म्हणाले, “नाव गयं कोठे? तुले जी नोटीस येल शे, तिना खाले तक्रारदार म्हनीसन छापेल शे. जाय, वाची ये. ‘जी’ दीर्घ शे का तेवढं माले ईसन सांग.”